नळ, हंडा आणि मुलांची शाळा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी त्यांना हातच जोडले. म्हटले, "बाई, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाला रांगोळी काढायला सांगा, पन्नास माणसांचा स्वयंपाक सांगा, पण लिहिण्याचे काम शिकलेल्या बायकांना द्या." त्या म्हणाल्या, "आपापल्या घरचा इतिहास लिहायला सातवी पुष्कळ झाली." म्हणून धीर करून बसले आहे. काही चुकले तर पदरात घ्यावे.

इतिहास म्हटला की मला शाळेतले धडे आठवतात. गड, लढाया, तह आणि सनावळ्या. पण गडावर पाणी कोण भरत होते आणि तिची मुले त्या वेळी कोण सांभाळत होते, हे काही त्या धड्यांत नव्हते. आज मी तसलाच साधा इतिहास सांगणार आहे. निमित्त घडले ते माझ्या मुलीच्या एका प्रश्नाचे.

आमची बैठी चाळ गोरेगावला पूर्वेकडे, टेकडीच्या अंगाला आहे. नळाला पाणी पहाटे पावणेपाचला येते आणि सहाला जाते. तेवढ्या वेळात पिण्याचे, स्वयंपाकाचे, धुण्याभांड्याचे पाणी भरून ठेवावे लागते. नळाला जोर असला तर नळी मोरीतल्या पिंपापर्यंत पोचते. जोर नसला की बादल्यांनी भरायचे. मुलगी बारावीत आहे आणि मुलगा आठवीत. एका पहाटे नेहमीप्रमाणे मी मुलीला हाक मारली. ती रात्री साडेबारापर्यंत अभ्यास करून झोपलेली. डोळे चोळत उठली, दोन बादल्या ओतल्या आणि म्हणाली, "आई, तू रोज मलाच का उठवतेस? त्याला का नाही?"

मी पटकन म्हणून गेले, "तो लहान आहे अजून."

ती म्हणाली, "मी तिसरीत असल्यापासून उठते आहे."

मला उत्तर सुचले नाही. दुपारी तांदूळ निवडताना सासूबाईंजवळ विषय काढला. त्या सत्तरी उलटलेल्या. १९७० साली लग्न होऊन याच चाळीत आल्या. त्यांनी एकेक गोष्ट सांगायला सुरुवात केली. पुढे मुलीने तिच्या पुस्तकांतून सनावळ्या काढून दिल्या. त्या सगळ्याची ही जुळवाजुळव आहे.

मुंबई शहराला नळाचे पाणी मिळू लागले ते विहार तलावामुळे. तो १८६० साली पुरा झाला. त्याच्या जोडीला १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा आला. आता गंमत पाहा. विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव आपल्याच उपनगराच्या डोंगरांत आहेत. विहार तर आमच्या पाठीशी, आरेच्या पलीकडे. पण पाणी जायचे खाली शहराकडे. गोरेगाव, मालाड, बोरिवली ही त्या वेळी खेडी होती आणि विहिरींवर त्यांचे चालत होते. १९२८ साली कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. शहरात जागा परवडेना तशी नोकरदार माणसे गाडीच्या आधाराने इकडे राहायला आली. माणसे वाढली, बिऱ्हाडे वाढली, विहिरी मात्र तेवढ्याच राहिल्या.

१९५० साली अलीकडची उपनगरे मुंबई महापालिकेत गेली आणि १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत घेतला गेला. त्यात आमचे गोरेगावही आले. कागदावर आम्ही मुंबईकर झालो. पण नळ लगेच दारात आला नाही. सासूबाई सांगतात, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा साऱ्या वस्तीला मिळून कोपऱ्यावर एक सार्वजनिक नळ होता. रात्री अकरापासून हंडे-कळश्यांची रांग लागायची. आपला नंबर जाऊ नये म्हणून भांड्याला ओळखीची चिंधी बांधून ठेवायची. तरी भांडी सरकायची आणि त्यावरून भांडणे व्हायची.

त्या दिवसांत गोरेगावच्या बायकांना एक माणूस आपले वाटायचे. त्या म्हणजे मृणालताई गोरे. स्मरणिकेच्या तरुण वाचकांनी त्यांचे नाव उड्डाणपुलावर वाचले असेल, म्हणून थोडे सांगते. त्यांचा जन्म १९२८ सालचा. डॉक्टरकीचे शिक्षण अर्धवट सोडून त्या समाजकार्यात पडल्या. गोरेगावात त्यांनी महिला मंडळाचेही काम केले होते, हे आपल्यासारख्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९५८ साली त्यांचे यजमान केशव उर्फ बंडू गोरे वारले. पदरात लहान मुलगी. अशा वेळी बाई घराच्या चार भिंतींत बसली असती तरी कोणी नावे ठेवली नसती. पण १९६१ साली त्या गोरेगावातून महापालिकेवर निवडून आल्या आणि उपनगरातल्या पाण्याचा प्रश्न त्यांनी लावून धरला. मोर्चे काढले, रिकामे हंडे घेऊन बायकांना अधिकाऱ्यांसमोर उभे केले. लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. १९७२ साली त्या आमदार झाल्या, आणीबाणीत तुरुंगात गेल्या, आणि १९७७ साली उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. २०१२ साली त्या गेल्या. सासूबाईंनी त्या दिवशी देवापुढे जास्तीची एक वात लावली होती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता दुधाचे सांगते, कारण वाढत्या मुलांच्या घरात पाण्याच्या पाठोपाठ दुधाचीच काळजी असते. शहरातल्या तबेल्यांतल्या म्हशी हलवून आपल्या गोरेगावजवळ १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी हे त्या कामातले मोठे अधिकारी. त्यांना पुढे १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नाक्यानाक्यावर आरेची केंद्रे असत. पहाटे त्यांवर शाळा-कॉलेजची मुले आणि गरजू बायका काम करीत. दूध कार्डावर, काचेच्या बाटल्यांतून मिळे. सासूबाईंचे कार्ड दोन बाटल्यांचे होते. एक बाटली मुलांना आणि दुसरी चहाला, दह्याला आणि आल्यागेल्याला. म्हणजे पहाटे पाण्याची रांग, ती संपली की दुधाची रांग, आणि दहा वाजता रेशनची. "माझे अर्धे तारुण्य रांगेत गेले गं," असे त्या हसत म्हणतात. पण ते हसणे मला नीटसे ऐकवत नाही.

१९७२ साल दुष्काळाचे. धान्य, साखर, तेल, रॉकेल, सगळे महागले आणि मिळेनासे झाले. त्या वर्षी मृणालताई, अहिल्याबाई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते, तारा रेड्डी अशा निरनिराळ्या पक्षांच्या बायकांनी एकत्र येऊन महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली. हातात लाटणी घेऊन, थाळ्या वाजवीत हजारो गृहिणी रस्त्यावर आल्या. सासूबाई १९७३ साली एका मोर्चाला गेल्या होत्या. आमच्या वन्सं तेव्हा वर्षाच्या होत्या. त्या कडेवर आणि लाटणे हातात. घरी परत आल्या तेव्हा मामंजी रागावले, "पोळ्या कशाने लाटणार?" सासूबाई म्हणाल्या, "लाटणे परत आणले आहे. पीठ तेवढे आणा." ही गोष्ट आमच्या घरी अजून सांगतात.

आता वन्संची आणि माझी गोष्ट सांगते. खरे म्हणजे एवढ्यासाठीच मी लिहायला बसले.

वन्सं आठ वर्षांच्या झाल्यापासून कोपऱ्यावरच्या नळावर सासूबाईंबरोबर जात. चौथीत त्या दोनदा वर्गात झोपल्या म्हणून त्यांना बाहेर उभे केले होते. १९८० नंतर मुंबईला भातसा धरणाचे पाणी टप्प्याटप्प्याने मिळू लागले, नव्या वाहिन्या आल्या, आणि १९८४ साली आमच्या चाळीत दर चार बिऱ्हाडांमागे एक नळ आला. वन्सं त्या वेळी बारा वर्षांच्या होत्या. रात्रीची रांग सुटली. त्या दहावी झाल्या, पुढे परिचारिकेचे शिक्षण घेतले, आणि आज त्यांच्या हाताखाली कितीतरी मुली शिकून गेल्या आहेत.

माझे माहेर संगमेश्वर तालुक्यातले. आमच्या कोकणात पाऊस असा पडतो की चार महिने कौलांखाली भांडी ठेवावी लागतात, आणि फाल्गुन सरला की विहिरीचा तळ दिसतो. पाणी डोंगर उतरून खालच्या झऱ्यावरून आणायचे. एक खेप अर्ध्या तासाची, सकाळी सहा खेपा. हायस्कूल चार मैलांवर, दुसऱ्या बाजूला. १९९३ साली मी सातवी पास झाले, वर्गात दुसरी आले. आई पाचव्यांदा बाळंत झालेली होती. वडील म्हणाले, "ती शाळेत गेली तर पाणी कोण आणील?" कोणी ओरडले नाही, कोणी मारले नाही. एवढा एकच प्रश्न विचारला गेला आणि त्याला उत्तर नव्हते. माझे दप्तर धाकट्या भावाला मिळाले. आईवडिलांना मी दोष देत नाही. त्यांचा इलाज नव्हता. पण वन्सं माझ्यापेक्षा फार हुशार होत्या असे नाही आणि मी काही मठ्ठ नव्हते. त्यांच्या वयाच्या बाराव्या वर्षी दाराशी नळ आला; माझ्या आला नाही.

पाणी आणि शाळा यांचे नाते आपल्या थोर माणसांनी फार आधी ओळखले होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढली, आणि १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. डॉ. आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आणि त्याच बाबासाहेबांनी आपल्या लोकांना शिका असे सांगितले. ज्याला पाण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते, त्याच्या लेकरांनी पुस्तकाकडे कधी पाहावे?

आज मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळते. तरी सगळीकडे ते सारखे पोचत नाही. २६ जुलै २००५ चा दिवस कोणी विसरणार नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुलीच्या वेळचे मला दिवस गेलेले होते, हे कामावरून रात्रभर चालत सकाळी घरी आले. चाळीबाहेर कमरेइतके पाणी, आणि घरात प्यायला एक कळशी! पुढे २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की झोपडी केव्हाची आहे ते पाहून माणसाचे पाणी अडवता येणार नाही. पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तरी आपल्या उपनगरांत अजून अशा वस्त्या आहेत की जिथे पिंपाने पाणी विकत घ्यावे लागते. तिथे पहाटे कोण उठत असेल, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको.

सासूबाईंचे बोलणे संपले तेव्हा मी त्यांना मुलीचा प्रश्न सांगितला. मला वाटले, नातवाची बाजू घेतील. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मीसुद्धा तुझ्या नवऱ्याला कधी उठवले नाही. नळ दाराशी आला, पण हाक बदलली नाही."

त्या रात्री आम्ही कॅलेंडरवर पाळ्या लिहिल्या. सोमवार-गुरुवार मुलगी, मंगळवार-शुक्रवार मुलगा, बुधवार-शनिवार मी, आणि रविवारी हे. पहिल्या मंगळवारी मुलगा उठलाच नाही. मी जागी होते. नळाचा आवाज ऐकत अंथरुणात पडून राहिले. उठून भरावे असे दहा वेळा मनात आले. सहाला पाणी गेले. त्या दिवशी धुणे झाले नाही, आणि शेजारणीकडून दोन कळश्या मागून स्वयंपाक केला. मुलगा कालचाच गणवेश घालून शाळेत गेला. शुक्रवारी तो साडेचारला उठून बसला होता. परीक्षेच्या महिन्यात त्याने आपण होऊन बहिणीची गुरुवारची पाळी घेतली. हे मात्र मी त्याला सांगितले नव्हते.

भगिनींनो, मृणालताईंनी आणि आपल्या सासवांनी मोर्चे काढून, उन्हात उभे राहून नळ दारापर्यंत आणला. दारापासून मोरीपर्यंतचे जे दहा पावलांचे अंतर उरले आहे, त्यासाठी महापालिकेवर मोर्चा नेता येत नाही. ते काम आपल्यालाच घरात करायचे आहे. आपल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एवढेच सांगावे, की तुमच्या घरी पहाटे हाक कोणाच्या नावाने मारली जाते. मी माझे खरे सांगितले आहे.

माझी मुलगी आता झोपली आहे. उद्या मंगळवार आहे. तिला सहापर्यंत झोपू देणार आहे.