रताळ्याचं नाव मुळात कुणाचं?

उंधियूचे दिवस आले की मुंबईच्या भाजीबाजारात एक जुनाच घोळ होतो. गुजराती गिऱ्हाईक 'रताळू' मागतं आणि नवखा मराठी भाजीवाला तागडीत लाल सालीची रताळी टाकतो. गिऱ्हाइकाला हवं असतं कोनफळ. बाहेरून मातकट, वेडंवाकडं आणि कापलं की आतून गर्द जांभळं निघणारं. आपल्या रताळ्याला गुजरातीत 'शक्करियां' म्हणतात. दोघंही आपापल्या भाषेत बरोबर असतात. तरी निकाल द्यायचाच झाला तर मी तो गिऱ्हाइकाच्या बाजूने देईन, कारण 'रताळे' हे नाव मुळात रताळ्याचं नाहीच.

संस्कृतात 'आलु' म्हणजे खाण्याजोगा कंद, मग तो कुठलाही असो. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश'मध्ये या आलुकांची यादीच आहे: काष्ठालुक, शंखालुक, पिंडालुक, मध्वालुक, रक्तालुक. यातला रक्तालू म्हणजे तांबूस-जांभळ्या रंगाचा, कोनफळाच्या गोतातला कंद. प्राकृतात 'रक्त'चं 'रत्त' झालं. मराठीने त्यातला एक 'त' गाळला, दोन स्वरांमध्ये सापडलेल्या 'ल'चा आपल्या सवयीने 'ळ' केला आणि रताळू, रताळे तयार झालं. रक्तचंदनाला आपण रतांजळी म्हणतो, कोकमाच्या लाल फळाला कोकणात रतांबा म्हणतात. त्यांच्यातला 'रत' हाच. 'आलू'चं पुढे घरोघरी वेगळं झालं. हिंदीने तो बटाट्याला देऊन टाकला, तर मराठीत तो 'अळू' होऊन कंद सोडून पानांवर चढला. अळूवडी आणि आलूपराठा ही एकाच आजीची नातवंडं आहेत, हे दोन्ही ताटांत वाढणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

आपण ज्याला रताळं म्हणतो तो वेल मात्र अमेरिकेतला. बारामती-इंदापूरकडच्या कालव्यांच्या कडेला बेशरमाची झुडपं माजलेली असतात, त्यांची ती फिकट जांभळी, कर्ण्यासारखी फुलं आठवा. रताळ्याच्या वेलाला फूल आलंच तर अगदी तसंच येतं, कारण दोघं एकाच कुळातले आणि दोघंही अमेरिकेकडून आलेले. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर उतरला तेव्हा तिथले ताइनो लोक हा गोड कंद खात होते आणि त्याला 'बटाटा' म्हणत होते. हो, रताळ्यालाच. आज आपण ज्याला बटाटा म्हणतो तो अँडीज पर्वतातला. तिथे त्याचं नाव 'पापा'. स्पॅनिश लोकांनी जमिनीखालच्या या दोन नव्या वस्तूंची नावं एकमेकांत कालवली, इंग्रजांचा पोटॅटो त्या काल्यातूनच निघाला, आणि पोर्तुगीजांबरोबर जो 'बटाटा' आपल्या किनाऱ्याला लागला तो मराठीत अँडीजच्या कंदाला चिकटला.

म्हणजे हिशेब असा: बटाट्याचं नाव रताळ्याचं, रताळ्याचं नाव कोनफळाचं, आणि कोनफळाला शेवटी नवीन नाव शोधावं लागलं. पोर्तुगालमध्ये तर गंमत याहून मोठी. तिथेही साधा 'बटाटा' आता आलूलाच म्हणतात आणि मूळ मालकाला 'गोड बटाटा' असं विशेषण लावून हिंडावं लागतं.

नव्या वस्तूला नाव देताना लोक बहुधा ती कुठून आली ते सांगतात. जपानमध्ये रताळं सात्सुमा प्रांतातून पसरलं म्हणून 'सात्सुमाइमो', म्हणजे सात्सुमाचा कंद. खुद्द सात्सुमात मात्र त्याला 'काराइमो', चीनकडचा कंद, म्हणायची रीत. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. मराठीने तसं केलं नाही. घरातलं एक जुनं नाव काढून परक्या पाहुण्याला दिलं आणि तो कुठला, हेच विसरून गेली.

या विसरण्याचा फायदा रताळ्याला उपासाच्या ताटात झाला असावा, असं मला पूर्वी वाटे. मोरगावला संकष्टीला, त्यातून अंगारकी असली तर, मयूरेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या डब्यात डोकावलं तर रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, भगर, शेंगदाण्याची आमटी, हिरवी मिरची, साबुदाणा, राजगिऱ्याचे लाडू असंच काहीबाही असतं. साबुदाणा कसाव्याच्या मुळाचा, म्हणजे तोही तिकडचाच. या साऱ्यांत इकडची म्हणावी ती भगर. रताळ्याला संस्कृत नाव असल्यामुळे कुणी हटकलं नाही, असा माझा तर्क. पण तो बटाट्यापाशी लंगडतो. बटाटा आपलं परदेशी नाव घेऊनच उपासात शिरला, आणि गव्हाला मात्र अस्सल जुनं नाव असूनही तिथे जागा नाही. धर्मशास्त्राला व्युत्पत्तीशी काही देणंघेणं नसतं, एवढंच यातून निघतं. (मोरगावच्या नावातला मोर संस्कृत 'मयूर'वरून आला, तो मयूर स्वतः द्राविड भाषांतून संस्कृतात शिरला असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेव्हा परकं कोण, हे ठरवताना सांभाळून.)

हे सगळं आत्ता उकरण्याचं कारण जांभळं रताळं. तिरुअनंतपुरमला केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था आहे, १९६३ साली स्थापन झालेली. तिने 'भू कृष्णा' नावाचं, आतून पार जांभळं असलेलं वाण काढलं आहे. शंभर ग्रॅम गरात ८५ ते ९० मिलिग्रॅम अँथोसायनिन. जांभळाला, काळ्या द्राक्षाला रंग देणारं द्रव्य ते हेच. मोरगावच्या बाजूला कऱ्हेकाठच्या जिरायत पट्ट्यात आमच्या एका मावशींचं घर आहे. त्यांच्याकडे कुणीतरी अशाच जांभळ्या रताळ्याचं बेणं आणून दिलं. बेणं म्हणजे वेलाचे फाटे. उसाच्या मुलखात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मुरमाड रानात ठिबकच्या एका नळीवर ते लागले आणि चारेक महिन्यांनी वरंबे उकरले तर हाती आलं ते आपल्या लाल सालीच्या, आतून पांढऱ्या रताळ्यासारखं नव्हतंच. कापलं की चाकूच्या पात्यालाही रंग. 'रताळे' या नावातलं रक्त इतकी वर्षं सालीपुरतं होतं, ते या वाणात गरापर्यंत पोचलं.

मावशींनी त्याचं पोळीला लावून खायचं गोड केलं. रताळी पाण्यात न उकडता चाळणीवर वाफवली, कारण पाण्यात उकडली की रंग पाण्यात जातो. मंद आचेवर सावकाश वाफवली की पिठूळपणा कमी होऊन ती गोडही जास्त होतात. आतलं स्टार्च हळूहळू साखरेत बदलायला सवड मिळते. चुलीच्या फुफाट्यात भाजलेलं रताळं कुकरमधल्यापेक्षा गोड लागतं ते याच कारणाने. गरम आहेत तोवर सोलून पुरणयंत्रातून काढली, तेव्हा चिवट दोरे वर जाळीत राहिले आणि खाली मऊ लगदा उतरला. किलोभर लगद्याला पाव किलोच्या वर साखर, वाटीभर नारळाचं दूध, दोन चमचे तूप, चिमूट मीठ. जाड बुडाच्या कढईत सतत ढवळत राहायचं. हात थांबला की तळाला लागलंच. नारळाचं दूध पडल्यावर रंग जरा राखट होतो आणि करणाऱ्याचा चेहरा पडतो. मग लिंबाचा रस घालायचा. कढईत जिथे थेंब पडतो तिथे गुलाबी डाग उमटतो आणि ढवळताना सगळाच लगदा लालसर उजळतो. याउलट सोड्याची चिमूट पडली तर तो निळा-हिरवा होईल. गूळ घातला तर चव उत्तम, रंग मात्र चिखलाचा.

झालं, पण त्याला म्हणायचं काय? बाजारात बरणीवर 'स्प्रेड' लिहितात. मराठीत ब्रेडला पसरून लावायच्या पदार्थाला स्वतंत्र जातिवाचक नाव नाही. आपल्याकडे पदार्थ तोंडी लावायचा असतो, पोळीला लावायचा तो तूप-गूळ. जॅम म्हणावं तर तो फळांचा. मुरंबा म्हणावं? हा शब्द अरबी 'मुरब्बा'वरून आलेला. त्याच्या मुळाशी वाढवणं, जोपासणं असा अर्थ आहे. मराठी कानाला त्यात 'मुरणं' ऐकू आलं आणि 'आंबा'ही ऐकू आला. म्हणून मोरांबा, मग त्याच चालीवर मोरावळा, आणि खरोखर आंबा असलेले साखरांबा, गुळांबा. मोरगावच्या मोराशी मोरांब्याचा संबंध नाही, हे सांगायला नको. पण मुरण्याची ती अट रताळ्याला जड जाते. त्यात कैरीची आंबट धार नाही, त्यामुळे ते मुरत नाही, नुसतं खराब होतं. फ्रीजमध्ये ठेवूनही आठवड्याच्या आत संपवावं लागतं. साखरांब्याच्या धर्तीवर रत-आंबा करावा, तर रतांबा कोकमाने आधीच पळवलेला.

'अवलेह' हा आयुर्वेदातला शब्द मला फार जवळचा वाटतो. 'लिह्' म्हणजे चाटणे. च्यवनप्राश हा अवलेहच. 'रताळ्याचा अवलेह' म्हटलं की मात्र सकाळी अनशापोटी एक चमचा घ्यावासा वाटतो, पोळीवर नाही. हलवा म्हणावं तर तो घट्ट हवा. फिलिपिनो लोकांनी सुटका करून घेतली: कोनफळ आटवून ते जे जांभळं गोड करतात त्याला 'हालाया' म्हणतात, स्पॅनिश 'हालेआ', म्हणजे जेली, यावरून. कोनफळ मिळालं नाही की तिथेही पुष्कळजण जांभळं रताळंच घालतात. कंदांची अदलाबदल तिकडेही संपलेली नाही.

मी ही सगळी नावं मावशींपुढे मांडली. त्या कढई खरवडत होत्या. म्हणाल्या, "आरं, पुरणच हाय की हे रताळ्याचं. जरा सैल झालंय." आणि पुरण सैल झालं की ते पोळीत भरता येत नाही, वरूनच लावावं लागतं.