छत्तीस सेकंदांचा पाठभेद : एका घरगुती रिमिक्सची इतिहासकथा

मागचे धागे मलिक अंबर, नहर-ए-अंबरी आणि आपल्या शहराचे दरवाजे यांच्यावर झाले. आज दगड-चुना नाही. आजचा धागा सिडकोतल्या एका सदनिकेत, रात्री अकरानंतर, लॅपटॉपवर तयार झालेल्या एका रिमिक्सविषयी आहे. हा इतिहासाचाच धागा आहे. मात्र त्यातली साधने कागदाची नाहीत.

माझ्या मावसभावाने गेल्या भाऊबीजेला थोरल्या बहिणीसाठी वेगळीच ओवाळणी केली होती. २००३-०४ च्या सुमारास, तेव्हाच्या औरंगाबादेत, त्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. ताई तेरा-चौदा वर्षांची, हा तीन-चार वर्षांचा. ताई खेळायची आणि ह्याच्या हाती दुसरा, न जोडलेला रिमोट द्यायची. आपणच मारिओला उड्या मारायला लावतो आहोत अशी त्याची वर्षभर समजूत होती. त्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या सुरावटीचे त्याने रिमिक्स केले : ढोलकी, गिटार, सिंथेसायझर, सगळे काही. ओवाळून झाल्यावर ताईच्या कानाला हेडफोन लावले. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "छान झालंय रे. पण हे आपलं नाही."

तो दुखावला. मला म्हणाला, "मूळ सुरावट स्वराबरहुकूम घेतली आहे. तू इतिहासवाला ना? मग सांग, काय चुकलं?"

इतिहासाच्या विद्यार्थ्याला 'मूळ' हा शब्द उच्चारला की खाज सुटते. बखरीच्या दोन प्रती समोर आल्या की आपण आधी विचारतो : ही प्रत कुठली, नक्कल कोणी केली, कोणत्या प्रतीवरून केली? तेच प्रश्न इथे विचारले.

निन्टेन्डोचे 'फॅमिकॉम' हे यंत्र जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये विक्रीला आले. 'सुपर मारिओ ब्रदर्स' सप्टेंबर १९८५ चा. संगीतकार कोजी कोंडो. यंत्राच्या चिपमध्ये आवाजाच्या पाचच वाहिन्या होत्या : दोन स्पंदतरंगाच्या, एक त्रिकोणी तरंगाची, एक नुसत्या खरखरीची आणि पाचवी ध्वनिमुद्रित आवाजाचे तुकडे वाजवण्यासाठी. एवढ्याच सामग्रीत कोंडो यांनी चाल, साथ, खर्ज आणि ताल बसवला.

पण आपल्याकडच्या बहुसंख्य घरांत आलेले यंत्र निन्टेन्डोचे नव्हतेच. ती त्याची नक्कल होती. बाजारात ती निरनिराळ्या नावांनी मिळे, कॅसेटवर हजारो खेळांचा दावा छापलेला असे आणि प्रत्यक्षात तेच वीस-पंचवीस खेळ फिरून येत. (कार्ट्रिजला आपण 'कॅसेट'च म्हणत होतो. चालेना झाली की फुंकर मारायची, हा विधी वेगळा सांगायला नको.)

आता खरी गंमत. जपान आणि अमेरिकेतील टीव्ही सेकंदाला सुमारे ६० वेळा चित्र उमटवत. भारतातील पाल पद्धतीचे टीव्ही ५० वेळा. त्या काळच्या खेळांतील संगीत चित्राच्या ठोक्यावर पुढे सरके. पाल-देशांसाठी बनलेल्या नकली यंत्रांत जपानी खेळ घातला की ठोके साठाचे पन्नास होत. म्हणजे जपानमध्ये ३० सेकंदांत संपणारा तुकडा अशा यंत्रावर ३६ सेकंद चाले. पुष्कळशा नकली चिपांचे घड्याळ मात्र मूळ यंत्राच्या जवळपास ठेवलेले असे, त्यामुळे पट्टी फारशी उतरत नसे. चाल तीच, स्वर तेच, लय संथ. शिवाय अशा अनेक चिपांत स्पंदतरंगाच्या रुंदीचे दोन पर्याय, २५ टक्के आणि ५० टक्के, एकमेकांच्या जागी गेलेले होते. जिथे मूळ यंत्रातून टोकदार, काहीसा नाकातला आवाज येई, तिथे नकलेतून पोकळ, बासरीकडे झुकणारा आवाज येई. आणि याच्या उलटही.

मावसभावाने 'मूळ' म्हणून घेतले होते ते इंटरनेटवरचे, जपानी यंत्राच्या गतीचे ध्वनिमुद्रण. ताईच्या कानात होता तो पाल-प्रतीचा पाठ. दोघांत खोटे कोणीच नव्हते. हा पाठभेद होता. आणि माझ्या मते, ज्या घरासाठी रिमिक्स करायचे त्या घरातली प्रतच तिथे प्रमाण धरावी. इतिहासात हा नियम चालणार नाही, भाऊबीजेला चालतो.

त्याने लय पाच-षष्ठांशावर आणली. फरक लगेच जाणवला, पण समाधान होईना. संथ लयीत उलट दुसरा दोष उघडा पडला. आवाज गढूळ होता. सगळे वाजत होते आणि काहीच ऐकू येत नव्हते. मोजले तर ट्रॅक निघाले त्रेचाळीस.

इथे थोडे मागे जाऊ. वाद्यांना एकमेकांशेजारी जागा करून देणे, ज्याला आज आपण 'मिक्स' म्हणतो, हे काम फार काळ पायांनी होत असे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला तेव्हा मायक्रोफोन नव्हता. आवाज एका कर्ण्यात जाई आणि त्याच्या कंपनाने सुई मेणात रेघ कोरी. नंतर काही कमी-जास्त करण्याची सोय नसे. ज्याचा आवाज मोठा त्याने मागे उभे राहायचे, गायकाने कर्ण्याजवळ यायचे. चुकले तर पुन्हा पहिल्यापासून.

१९३२ साली प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आणला. पार्श्वगायन हिंदुस्थानी चित्रपटात यायला अजून तीन वर्षे होती. तोवरच्या बोलपटांत नट कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गात आणि साथीदार चौकटीबाहेर, पण मायक्रोफोनच्या टप्प्यात बसत. म्हणजे साथ किती ऐकू येणार हे सतरंजी कुठे अंथरली यावर ठरे.

पुढे चित्रपटात संवाद, संगीत आणि इतर आवाज वेगवेगळे मुद्रित होऊन शेवटी एकत्र येऊ लागले. या पुनर्ध्वनिमुद्रणातील आपल्याकडचे मोठे नाव म्हणजे व्ही. शांताराम यांच्या परळच्या राजकमल कलामंदिरातील मंगेश देसाई. 'शोले'च्या (१९७५) श्रेयनामावलीत या कामासाठी त्यांचेच नाव आहे. तो चित्रपट पुन्हा पाहा, पण या वेळी डोळे मिटून. झोपाळ्याच्या कड्यांची करकर, वारा, माउथ ऑर्गन : प्रत्येक आवाज येतो तेव्हा त्याच्यासाठी दुसरे काहीतरी थांबलेले असते. नट-दिग्दर्शकांवर आपण ग्रंथ लिहितो आणि ही माणसे नामावलीतल्या एका ओळीत राहतात, ही माझी जुनी तक्रार आहे, असो.

भावाला मी ध्वनिशास्त्र शिकवू शकत नव्हतो. त्याला वेरूळला नेले.

दहावे लेणे, म्हणजे विश्वकर्मा लेणे, तुम्ही पाहिले असेल. चैत्यगृह आहे, वर लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या, टोकाला स्तूप आणि त्यापुढे बुद्धमूर्ती. आत उभे राहून एक लांब स्वर लावा. तुम्ही थांबता, स्वर थांबत नाही. संथ पठणाला ही जागा अंगावर शाल घालावी तशी मिळते, कारण एक स्वर विरत असताना पुढचा त्यात मिसळतो. भावाने तिथे मारिओची चाल शिट्टीवर वाजवली. चौथ्या स्वराला पहिला अजून हवेत होता. सगळ्याचा काला झाला. रखवालदारानेही हसून पाहिले.

बसमध्ये परत येताना तो गप्प होता. मग म्हणाला, "मी सगळ्या ट्रॅकवर एकच रिव्हर्ब लावलाय. त्याचं नाव कॅथेड्रल आहे."

ताईच्या खोलीत ना चर्च होते ना लेणे. होता एक टीव्ही, त्याचा मुठीएवढा स्पीकर, आणि गाद्यांनी भरलेली दिवाणखान्याची भिंत. त्या खेळाच्या संगीतात घुमारा मुळातच नव्हता. रात्री घरी पोचल्यावर त्याने तेवीस ट्रॅकवरचा रिव्हर्ब काढला, उरलेल्यांवर एका लहान खोलीइतका ठेवला.

मग चिपची शिस्त घेतली. त्रिकोणी तरंगाच्या वाहिनीला आवाज कमी-जास्त करण्याची सोयच नव्हती : चालू किंवा बंद, एवढेच. खर्ज सांभाळायचा तर तो लहान करता येत नसे, त्याला मधे मधे गप्प ठेवावे लागे. मावसभावाच्या रिमिक्समध्ये मात्र तीन बेस एकाच वेळी, अखंड. त्याने दोन काढले आणि तिसऱ्याला श्वास दिला. ढोलकीचा धुम आणि हा बेस एकाच पट्ट्यात भांडत होते. ढोलकीचा खालचा भाग ईक्यूने थोडा कापला, चाटीचा भाग तसाच ठेवला. गिटार आणि मुख्य चाल एकाच सप्तकात होती. गिटार एक सप्तक खाली नेली. यात नवे काही नाही. चौघड्यात सनई वर आणि नगारा खाली असतो, म्हणून दोन्ही वेशीबाहेरपर्यंत वेगळे ऐकू जातात. आपल्या शहरात नौबत दरवाजा आहे, नौबत उरली नाही.

तरी सकाळी ऐकले की बेस पुन्हा जास्तच. रात्री योग्य वाटणारा खर्ज दिवसा अंगावर का यावा? याचे उत्तर १९३३ सालचे आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि डब्ल्यू. ए. मन्सन यांनी मोजून दाखवले की आवाज जितका हळू, तितका मानवी कान खर्जाला जास्त बहिरा. माणूस रात्री मावशी-काकांची झोप मोडू नये म्हणून हळू आवाजात काम करतो, त्याला बेस कमी वाटतो, तो वाढवत जातो. सौजन्यातून आलेला दोष! तेव्हापासून बेसचे निर्णय रविवारी दुपारी होऊ लागले.

खोलीचाही वाटा होता. शहाबादी फरशी, उघड्या सिमेंटच्या भिंती. टाळी वाजवली की खणखणीत परत येई. मावशीच्या जुन्या गोधड्या स्पीकरच्या दोन्ही बाजूंना आणि पाठीमागच्या भिंतीवर टांगल्या. टाळीची धार गेली. एक सूचना करतो : गोधडी भिंतीला चिकटवू नका, चार बोटे अंतर सोडा, जास्त उपयोग होतो. खर्ज मात्र गोधडीला दाद देत नाही. त्यासाठी टेबल खोलीच्या कोपऱ्यातून बाहेर काढावे लागले.

शेवटची परीक्षा एका स्पीकरवर. ताईचा टीव्ही एकमार्गी होता आणि आज तिचा फोन बहुधा स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभा असतो. डावा आणि उजवा आवाज एकत्र केला तर गिटार जवळजवळ नाहीशी झाली. ती रुंद वाटावी म्हणून भावाने एका बाजूची लहर उलटी केली होती. उलट आणि सुलट भेटल्या की एकमेकींना खातात. ती रुंदी काढून टाकली. हेडफोनमध्ये गाणे थोडे अरुंद झाले, ओट्यावर मात्र पूर्ण पोचले. त्रेचाळीस ट्रॅकचे अकरा उरले होते.

गुढीपाडव्याला ताई आली. या वेळी हेडफोन नाहीत. ती पुरणाच्या पातेल्यापाशी उभी होती, फोन ओट्यावर ठेवून त्याने चालू केले. पहिल्या काही सेकंदांतच तिने हातातला डाव खाली ठेवला. ऐकताना तिचा उजवा अंगठा हलत होता. संपल्यावर म्हणाली, "हां, हे आपलं. पण अरे, उडी मारली की मागचं संगीत मधेच तुटायचं. ते कुठे गेलं?"

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. ती बरोबर होती. वाहिन्या इतक्या मोजक्या की उडीचा आवाज काढायला खेळ संगीताचीच एक स्पंदवाहिनी क्षणभर उसनी घेई. तेवढा वेळ साथीचा एक स्वर गळून पडे. कीर्तनात बुवा निरूपणाला लागले की टाळकरी थांबतात, तसेच. इंटरनेटवरच्या ध्वनिमुद्रणात कोणी खेळतच नसते, त्यामुळे तिथे ही तूट नाही. आमच्या दोन्ही प्रतींत खेळणारा माणूस गाळलेला होता.

जेवणे झाल्यावर त्याने लॅपटॉप उघडला. ताई शेजारी बसली आणि सुरावट चालू असताना टेबलावर अंगठ्याने टिचक्या मारत गेली. जिथे टिचकी, तिथे त्याने साथ कापली. एके ठिकाणी त्याने विचारले, "इथे दोन उड्या?"

"तिथे खड्डा आहे," ती म्हणाली. "पहिल्या उडीत तू नेहमी पडायचास."