कापडी कुंडी

जाड, हवा खेळती ठेवणाऱ्या कापडाची पिशवीसारखी कुंडी. रोपवाटिकांत आणि गच्चीवरच्या बागांत तिला ‘ग्रो बॅग’ म्हणतात. पॉलिप्रॉपिलीनचे तंतू न विणता सुयांनी टोचून एकमेकांत गुंतवले की नमद्यासारखे कापड तयार होते. खरी कापडी कुंडी याच कापडाची. बाजारात याच नावाने विकल्या जाणाऱ्या गुळगुळीत प्लास्टिकच्या पिशव्या स्वस्त आणि टिकाऊ असतात, पण त्यांच्या भिंतींतून हवा जात नाही. त्यामुळे पुढे सांगितलेला मुख्य गुण त्यांच्यात नसतो.

प्लास्टिकच्या कुंडीत मूळ भिंतीला टेकले की वळते आणि कडेकडेने वेटोळे घालत राहते. कापडापाशी पोचलेल्या मुळाचे टोक हवेने सुकते, मागच्या भागातून नवी उपमुळे फुटतात आणि सगळी माती बारीक मुळांनी भरते. लिंबू, अंजीर, डाळिंब, कढीपत्ता अशी बरीच वर्षे कुंडीत राहणारी झाडे यामुळे निरोगी राहतात.

या कुंडीचा उगम झाडे हलवण्याच्या गरजेत आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात अशा पिशव्या शेतात पुरून त्यांत झाडे वाढवण्याची पद्धत पुढे आली. शेतातून झाड खणून काढताना बहुतेक मुळे तुटून मागे राहतात. पिशवीमुळे ती झाडाबरोबर येतात.

मात्र भरलेली मोठी कुंडी सहज हलते, हा समज चुकीचा आहे. ६० सेंमी व्यासाच्या आणि ४५ सेंमी उंचीच्या पिशवीत सुमारे १२५ लिटर मिश्रण मावते. त्यात लाल माती जास्त असेल, तर भिजल्यावर वजन दीडशे किलोंच्या वर जाते. ये-जा असलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानक ८७५ मध्ये चल भार दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो धरला आहे. म्हणून अशा कुंड्या तुळईवर किंवा भारवाहक भिंतीलगत, अंतर सोडून ठेवाव्यात; शंका असल्यास अभियंत्याला आधी विचारावे. कोकोपीट आणि गांडूळखत वाढवल्यास भार बराच घटतो.

कुंडी हलवण्याआधी एक-दोन दिवस पाणी तोडावे आणि फांद्या सुतळीने सैल बांधाव्यात. शिवलेले बंद धरून उचलल्यास पिशवी फुगते, आतला मातीचा गड्डा फुटतो आणि बारीक मुळे तुटतात. त्याऐवजी पिशवी किंचित कलती करून खाली ताडपत्री किंवा प्लायवुड सरकवावे आणि दोघांनी ते ओढावे. एप्रिल-मेच्या उन्हात हे काम टाळावे. पावसाळ्याच्या तोंडाशी झाड लवकर सावरते.

या कुंडीतले पाणी बाजूंनीही उडून जाते. विदर्भातल्या उन्हाळ्यात दोनदा पाणी घालावे लागते, तर कोकणातल्या पावसात हाच निचरा उपयोगी पडतो. क्षारयुक्त पाण्याने कापडावर पांढरा थर चढतो, उन्हाने कापड विरते. झाड जमिनीत लावताना पिशवी उभी कापून पूर्ण काढून टाकावी. पॉलिप्रॉपिलीन मातीत कुजत नाही.