टोस्टरची तार, तिसरी पिन आणि आपल्या घरची शेगडी



हिंगोलीत कुठल्याही किराणा दुकानात जाऊन 'टोस्ट द्या' म्हणा. दुकानदार चहात बुडवून खायचे ते बेकरीचे कडक टोस्ट पुढे करील. पाव भाजायचा तर आपल्याकडे तवा आहे, नाहीतर गॅसवर धरायचा सँडविचचा साचा आहे. विजेचा टोस्टर तसा थोड्याच घरांत. मग आजचा भाग टोस्टरवर का? कारण टोस्टरच्या पोटात जी तार लाल होते, तीच कॉइलच्या शेगडीत आहे आणि थंडीत बादलीत सोडतो त्या रॉडच्या नळीतही तीच आहे. टोस्टर सुरक्षित कसा होत गेला हे कळलं, की शेगडी आणि रॉड जीव का घेतात तेही कळतं.

सुरुवात तारेपासून करू. विजेवर पाव भाजायची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आली होती. पण लोखंडाची तार लालबुंद झाली की हवेतल्या ऑक्सिजनमुळे जळायची आणि तुटायची. 1906 साली अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट मिळालं. हीच आपली निक्रोमची तार. साधारण 80 टक्के निकेल, 20 टक्के क्रोमियम. ती तापली की तिच्यावर एक पातळ थर धरतो आणि तोच थर तिला पुढे जळू देत नाही. 1909 मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने 'डी-12' हा टोस्टर बाजारात आणला. चिनी मातीच्या पायावर उघड्या तारा, बाजूला पाव टेकवायची जाळी. एक बाजू भाजली की हाताने पाव फिरवायचा. झाकण नाही, टायमर नाही.

इथे एक गंमत सांगतो. विकिपीडियावर दहा वर्षं असं लिहिलेलं होतं, की 1893 मध्ये अ‍ॅलन मॅकमास्टर्स नावाच्या स्कॉटिश माणसाने टोस्टर शोधला. 2022 मध्ये उघड झालं की ही सगळी थट्टा होती. असा संशोधक कधी झालाच नाही! म्हणजे बघा, नसलेल्या माणसाला आपण टोस्टरचा जनक करून टाकलं. ज्यांनी टोस्टर हात लावण्याजोगा केला, त्यांची नावं मात्र कुणी विचारत नाही.

त्यातलं एक नाव चार्ल्स स्ट्राइट. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ते कारखान्यात कामाला होते. कँटीनमध्ये रोज करपलेला पाव मिळायचा, कारण भाजणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे असायचं. स्ट्राइट यांनी 'लक्ष ठेवत जा' असं सांगण्याऐवजी यंत्रच बदललं. ठरलेल्या वेळाने वीज बंद होईल आणि पाव वर उडेल, असा टोस्टर त्यांनी केला. 1921 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. माझ्या मते सुरक्षित टोस्टरची खरी सुरुवात इथे होते: माणूस चुकणार आहे, हे यंत्र बनवतानाच धरून चालायचं.

आता पुढच्या दोन चुका आपल्याकडच्या. पहिली लोडशेडिंगची. 2005 नंतरची काही वर्षं आठवा. मराठवाड्यात तासन्‌तास लाईट नसायची. शेगडी चालू असताना लाईट गेली, बटण तसंच राहिलं, माणसं झोपली आणि मध्यरात्री लाईट आली, तर? आजच्या बऱ्याच टोस्टरांत पाव खाली धरून ठेवायचं काम विद्युतचुंबक करतो. वीज गेली की चुंबक सुटतो, पाव वर येतो आणि स्विच बंद होतो. लाईट परत आली तरी तो आपोआप सुरू होत नाही. साध्या कॉइलच्या शेगडीत ही सोय नाही.

दुसरी चूक वायरिंगची. बोर्डाकडे तोंड करून उभं राहिलं तर सॉकेटमध्ये उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल आणि वर अर्थिंग हवं. किती घरांत हे उलटं असतं ते वायरमनला विचारा. आणि उपकरणातला स्विच एकच तार तोडणारा असेल, तर अशा उलट्या सॉकेटवर तो न्यूट्रल तोडतो. कॉइल थंड दिसते, पण तिच्यात फेज असतोच! म्हणून चांगल्या टोस्टरचा स्विच दोन्ही तारा तोडतो. तरीही अडकलेला पाव काट्याने काढू नका. आधी प्लग काढा.

आता तिसरी पिन. आपला गोल तीन पिनांचा प्लग ब्रिटिश नमुन्याचा आहे. तिथे त्याचं प्रमाण 1934 साली ठरलं. पुढे ब्रिटनने चौकोनी पिना घेतल्या. आपण गोलच ठेवल्या. वरची पिन जाड असते आणि लांबही. लांब अशासाठी, की प्लग लावताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं. आतली फेजची तार बाहेरच्या पत्र्याला टेकली, तर विजेला जमिनीत जायला सोपी वाट मिळते, मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो.

पण ती वाट कारखान्यात तयार होत नाही. ती आपल्या अंगणात, मीठ-कोळशाच्या खड्ड्यात तयार होते. आपली काळी जमीन पावसाळ्यात ओली असते, वीज सहज वाहते. एप्रिल-मेमध्ये तीच जमीन भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होतं. हिशोब करून बघा. अर्थिंगचा रोध 50 ओहम झाला, तर 230 व्होल्टला प्रवाह जाईल 4.6 अँपिअर. 16 अँपिअरचा एमसीबी त्याला हलणारसुद्धा नाही. पत्रा तसाच 'जिवंत' राहणार आणि हात लावणारी बहुधा घरातली बाई असणार. पाय ओल्या फरशीवर, अनवाणी.

याच ठिकाणी चार्ल्स डॅल्झिएल यांचं काम येतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातले हे प्राध्यापक माणसाला किती वीज सोसते याचा अभ्यास करत होते. साधारण 10 ते 20 मिलिअँपिअरला स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. 60 वॅटचा साधा बल्ब याच्या दहापट नि जास्त वीज घेतो! 1960 च्या दशकात त्यांनी गळती ओळखून क्षणात वीज तोडणारं साधन तयार केलं. त्याच जातीचं आपल्याकडचं साधन म्हणजे आरसीसीबी. जाणारी आणि परत येणारी वीज ते सतत ताडून बघतं. घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरच्या फरकाला वीज तोडतं.

आपल्या देशात विजेचा धक्का बसून दरवर्षी 10 हजारांहून जास्त माणसं जातात. रॉड, इस्त्री, शेगडी या वस्तू आयएसआय चिन्हाशिवाय विकायला बंदी आहे, तरी आठवडी बाजारात दोन पिनांचा, बिनचिन्हाचा रॉड मिळतोच. आणि घरात सॉकेट दोन छिद्रांचं असलं, की आपण तिसरी पिन वापरतच नाही. शंभर वर्षांत शहाणपणाने जे जे केलं गेलं, ते त्या एका छिद्रापाशी अडतं.

तेव्हा भाग ऐकून झाला की तीन कामं करा. वायरमनकडून फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. आणि आरसीसीबी असेल तर महिन्यातून एकदा त्याचं 'टी' लिहिलेलं बटण दाबून बघा. वीज गेली पाहिजे. आणि रॉड बादलीत असेपर्यंत पाण्यात हात नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून राहा!