वेढ्यातील खरेदीखत

इब्री संदेष्ट्यांच्या वचनांचा विषय निघाला की आपले मन सहसा यशयाच्या भव्य चित्रांकडे धावते. आज मी आपले लक्ष एका साध्या व्यवहाराकडे वेधू इच्छितो. तो आहे जमिनीच्या खरेदीचा.

इ. स. पू. ५८८-८७ चा सुमार. बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेमेला वेढा घातला होता. तटाशी मातीचे चढ उभे राहिले होते आणि आत अन्न संपत आले होते. नगर पडणार, असे उघड सांगितल्याबद्दल यिर्मया राजवाड्यातील पहाऱ्याच्या चौकात अटकेत होता. तेथे त्याचा चुलतभाऊ हनामेल आला आणि अनाथोथचे आपले शेत विकत घे, म्हणाला. अनाथोथ हे यिर्मयाचे मूळ गाव, नगरापासून अवघ्या दोन-तीन मैलांवर. कुळाची जमीन सोडवून घेण्याचा हक्क जवळच्या नातलगाचा असे; मागणी रीतीला धरूनच होती. पण शत्रूच्या छावणीने वेढलेल्या मुलखात शेत घेणे हा व्यवहार होता की वेडेपणा?

यिर्मयाने १७ शेकेल चांदी तराजूत तोलून दिली. साक्षीदारांच्या सह्या झाल्या. खताच्या दोन प्रती, एक मोहोरबंद व एक उघडी, बारूखाच्या हाती देऊन त्या मातीच्या भांड्यात ठेवावयास सांगितल्या; पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. या भूमीत पुन्हा घरे, शेते व द्राक्षमळे विकत घेतले जातील, असे ईश्वराचे वचन त्यामागे होते. हा तपशील काल्पनिक वाटत नाही. १९८२ साली यिगाल शिलो यांच्या उत्खननात दाविदाच्या नगरात मातीच्या ५१ मुद्रा सापडल्या. त्यांतील एकीवर शाफानाचा पुत्र गमऱ्या हे नाव आहे, जे यिर्मयाच्या ग्रंथातही येते. नगर जळाले तेव्हा पपायरसवरील लेख राख झाले, आणि त्याच आगीत मुद्रा मात्र भाजून पक्क्या झाल्या.

मला मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. खत झाल्यावर यिर्मया प्रार्थनेत आपला गोंधळ मांडतो: नगर शत्रूच्या हाती जात असता हे शेत घेण्यास का सांगितलेस? वचन सांगणाऱ्यालाच ते पचत नव्हते. काही वर्षांपूर्वी हनन्या नावाच्या संदेष्ट्याने दोन वर्षांत सारे बंदिवान परततील, असे जाहीर केले होते. लोकांना तेच रुचले असणार. यिर्मयाने मात्र बाबेलातील बंदिवानांना पत्राने कळविले, की तेथेच घरे बांधा, बागा लावा. परतीला ७० वर्षे लागतील.

इ. स. पू. ५८७ च्या उन्हाळ्यात (काहींच्या मते ५८६) नगर पडले. ५३९ मध्ये कोरेशाने बाबेल जिंकले, परतीची वाट मोकळी झाली, आणि ५१५ च्या सुमारास मंदिर पुन्हा उभे राहिले. दाविदाचे सिंहासन मात्र परत आले नाही. पुष्कळ यहूदी बाबेलातच राहिले. त्यांचे कर, कर्जे व शेतीचे व्यवहार तेथील मृत्तिकालेखांत आढळतात. यिर्मयाला स्वकीयांनी बळेच मिसरात नेले. आपल्या शेतात त्याने कधी पाऊल ठेवल्याचा उल्लेख नाही.

एज्राच्या ग्रंथात परतलेल्यांची गावनिहाय यादी आहे. तीत एक रुक्ष नोंद येते: अनाथोथचे पुरुष, १२८.