चुलीपासून ओट्यापर्यंत

गावाचा इतिहास म्हटला की आपण देवळांकडे आणि जुन्या वाड्यांकडे बोट दाखवतो. थोडासा इतिहास आपल्या स्वयंपाकघरातही असतो. गेल्या वर्षी आमच्या कौलारू घराचे स्वयंपाकघर नव्याने करावयास काढले, तेव्हा मला हे उमगले.

आपल्या वाशिंदला आगगाडी १८५५ साली आली. सुमारे ८० किलोमीटरवरची मुंबई जवळ झाली, पण घरातली चूल होती तशीच राहिली. पुढे शंभर वर्षांनी, १९५५ साली, बर्मा-शेल कंपनीने मुंबईत सिलिंडरचा गॅस देण्यास आरंभ केला. तो आमच्या घरी पोहोचेपर्यंत सासूबाईंची निम्मी हयात धुरात गेली होती.

काम निघाले तेव्हा मुलांचा हट्ट की, जुनी चूल शोभेसाठी ठेवावी. मलाही ते पटले. सासूबाई मात्र म्हणाल्या, "या चुलीने माझे डोळे अधू केले. शोभा वाटेल ती फुंकणी न फुंकलेल्यांना!" मी निरुत्तर झाले. चुलीवर पहिला घाव त्यांनीच घातला.

मात्र जमिनीत बसवलेले उखळ, भिंतीतले फडताळ, दिव्याची देवळी आणि कौलातली काच यांना त्यांनी हात लावू दिला नाही. उखळात आजही चटणी कुटतो आणि काचेतून सकाळचे ऊन नेमके ओट्यावर पडते.

ओटा ही केवळ नवी हौस नव्हे. गॅसची शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी लागते, म्हणून उभ्याने स्वयंपाक आला. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून भिंतीला खालीही झरोका ठेवला.

धुराचा एक गुणही सांगितला पाहिजे. त्याने वाशांना कीड लागत नसे आणि माळ्यावरचे बियाणे टिकत असे. चूल गेली म्हणून सुतारांकडून वाशांना आधी औषध लावून घेतले.

असो. आपल्यापैकी कुणाकडे असे काम निघाले, तर काय ठेवावे नि काय काढावे हे आधी त्या घरात जिने आयुष्यभर रांधले तिला विचारावे, एवढीच विनंती.