नाना फडणीस : एका मृत्यूचे दोन अर्थ

ता. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात नाना फडणीस निवर्तले. त्यांच्याबरोबर मराठी राज्याचे शहाणपण संपले, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु नाना गेले म्हणून ज्यांना मोकळे वाटले असेल, अशीही माणसे होती. खुद्द पेशवे दुसरे बाजीराव त्यांतलेच असावेत. नानांच्या पक्षातील मंडळींचा त्यांनी पुढे जो छळ केला, त्यावरून हे उघड होते.

आधी जमेची बाजू पाहू. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पुढल्या वर्षी अवघ्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि युद्ध ओढवले. बारभाईंनी, आणि त्यांत विशेषेकरून नानांनी, ते राज्य सावरले. १७८२ साली सालबाईचा तह झाला. साडेतीन शहाण्यांत लोकांनी नानांना अर्धेच मोजले, कारण त्यांच्या हाती तलवार नव्हती. लेखणीच्या बळावर राज्य राखणे ही काही सामान्य गोष्ट नव्हे.

आता खर्चाची बाजू. बारभाईंतले त्यांचे वडील सहकारी सखारामबापू कैदेतच वारले. राघोबांच्या मुलांचे पोरवय नजरकैदेत गेले. १७९१ साली घाशीराम कोतवालाच्या कोठडीत ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा खवळलेल्या लोकांनी कोतवालास दगडांनी ठेचले. पण त्या कोतवालास मोकळे रान देणाऱ्या कारभाऱ्याला जाब कोणी विचारावा?

या दोन बाजू वेगळ्या काढता येतात काय? मला तसे वाटत नाही. ज्या जागरूकतेने राज्य वाचले, तिनेच दुसरा कोणी कर्ता होऊ दिला नाही. सवाई माधवराव १७९५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, शनिवारवाड्यात वरून पडून गेले. खरा कारभार त्यांच्या हाती कधी आलाच नव्हता. मग गादीवर आले ते बाजीराव! ज्याला बंदिवासात संशयाचेच शिक्षण मिळाले, तो विश्वासाने राज्य कसे करणार? नानांच्या मृत्यूला तीन वर्षे होण्याआधीच, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, त्यांनी वसईचा तह केला आणि राज्य इंग्रजांच्या पदरात टाकले.

‘नाना आणखी दहा वर्षे जगते तर!’ असे आपण हळहळून म्हणतो. हळहळ खरी आहे. पण एका माणसाच्या श्वासावर राज्य टांगलेले असावे, हीच त्या राज्याची दुर्बलता होती, आणि ती वाढविण्यात नानांचा हात होता. म्हणून श्रोतेहो, त्यांना वंदन करताना सखारामबापूंची कोठडी विसरू नये, आणि दोष देताना पुरंदरावरचे ते चाळीस दिवसांचे मूल विसरू नये. वंदन आणि दोष दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला देण्याइतके मन मोठे करणे, हेच इतिहास वाचण्याचे फळ होय.